दोनदा उचललेला बेलभंडारा

कोंडीरामाला तुरुंगात धाडलं ते बंडप्पानं, असं शेलगव्हाणात अजून सांगतात. ते खरंच आहे. पण बंडप्पाच्या तळहातावर बेलभंडारा ठेवा असा हट्ट कुणी धरला होता, हे विचारलं की सांगणारा जरा खाकरतो आणि दुसऱ्याच विषयाला हात घालतो. हट्ट खुद्द कोंडीरामानं धरला होता. बंडप्पानं नुसता हात पुढं केला.

शेलगव्हाण हे येडशीच्या डोंगराअलीकडचं शे-दीडशे उंबऱ्यांचं गाव. कोंडीराम तिथं भीमाशंकर नावाच्या शेतकऱ्याकडं सालगडी होता. कामाला वाघ, बोलायला मुखदुर्बळ, आणि देवाच्या बाबतीत अगदी भाबडा. गावाबाहेरच्या माळावर खंडोबाचं ठाणं आहे, तिथं दर रविवारी हा अनवाणी जायचा. घरात बायको मथुराबाई आणि दोन वर्षांची पोर, शिवकांता. संसार म्हणावा तर एवढाच, आणि त्यात त्याचं बरं चाललं होतं.

निजामाचं राज्य जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या मार्गशीर्षात एका संध्याकाळी, दिवस मावळता मावळता, भीमाशंकराचं बाजरीचं खळं पेटलं. खळ्यावरच्या खोपीत त्याचा म्हातारा बाप बसला होता, तो जळून मेला. आदल्या दिवशी भीमाशंकराचं आणि कोंडीरामाचं सुट्टीवरून वाजलं होतं, ते चार लोकांनी ऐकलं होतं. आणि बंडप्पा, म्हणजे भीमाशंकराचा चुलतभाऊ, ज्याचं भीमाशंकराशी बांधावरून सात वर्षं भांडण होतं, तो अमीनासमोर म्हणाला, "पेटता चुडा घेऊन पळताना म्या कोंडीरामाला बघितलं." फौजदाराला तेव्हा आमच्याकडं अमीन म्हणत.

कोंडीराम हसला. हो, हसला. गावापुढं उभं राहून म्हणाला, "बंडप्पा, ह्येच खंडोबाफुडं बेलभंडारा उचलून सांगा. सांगितलंत तर म्या फुडं एक अक्षर बोलणार न्हाय."

आता हे दुसरीकडच्या माणसाला खुळेपणाचं वाटेल. आमच्याकडं ते खुळेपण नव्हतं. बेलाचं पान आणि देवाची हळद तळहातावर घेऊन खोटं बोलायचं म्हणजे निर्वंश ओढवून घ्यायचा. कोर्टात खोटं बोलणारे घरोघर होते. बेलभंडाऱ्यावर खोटं बोललेला माणूस गावानं पाहिला नव्हता. कोंडीरामाला वाटलं, बंडप्पाचा हात कापेल, पान खाली पडेल आणि सगळा निकाल जागच्या जागी लागेल.

चार दिवसांनी चंपाषष्ठी होती. त्या दिवशी भर दुपारी, सगळं गाव माळावर जमलेलं असताना, बंडप्पानं बेलभंडारा उचलला आणि शांतपणे सांगितलं, "कोंडीरामानं पेटवलं. म्या डोळ्यांनी बघितलं." हात कापला नाही. वाऱ्यानं थोडी हळद उडाली, तेवढंच. खरं काय होतं ते सांगून टाकतो, लपवण्यासारखं त्यात काही नाही. खळं बंडप्पानंच पेटवलं होतं.

त्या घटकेनंतर कोंडीरामाच्या बाजूनं एक माणूस उरला नाही. काल जे म्हणत होते की हा गडी मुंगी मारायचा नाही, तेच आज साक्षीला उभे राहिले. ते एक वेळ असो. पण अमीनाच्या माणसांनी हाताला दोर बांधला तेव्हा मथुराबाई पोरीला कडेवर घेऊन जवळ आली, आणि तिनं हळूच विचारलं, "खरं सांगा. तुमीच का वो?"

हा प्रश्न कोंडीरामाच्या काळजात रुतला तो कायमचा. बंडप्पा खोटं बोलला हे तो समजू शकत होता. मथुरेला शंका आली, हे त्याला सोसलं नाही. तो मान वळवून अमीनाच्या माणसांबरोबर चालू लागला.

खटला उर्दूत चालला. कोंडीरामाला त्यातलं 'दस साल' एवढंच कळलं, आणि तेवढं पुरे होतं.

तुरुंगात त्यानं खडी फोडली आणि एकच गोष्ट मनात घोळवली. बंडप्पाला मारायचं नाही. मेलेला माणूस काय बोलणार? बंडप्पानं त्याच माळावर, त्याच दिवशी, तोच बेलभंडारा उचलून खरं बोललं पाहिजे, आणि ते मथुरेच्या कानावर गेलं पाहिजे.

तिसऱ्या वर्षी चैत्रात कैद्यांची टोळी येडशीच्या घाटात रस्त्याच्या कामाला आणली होती. दुपारी सुरुंग उडाला आणि कड्यावरचं आग्या मोहोळ उठलं. शिपाई डोक्यावर कांबळी घेऊन पळाले, कैदी आडवे पडले. कोंडीराम मात्र उलट्या दिशेनं, मोहोळाच्या अंगावरच धावत सुटला, कारण तिकडं कुणी येणार नव्हतं. रामलिंगाच्या दरीत उतरेपर्यंत त्याचं तोंड सुजून डोळे मिटले होते. दोन दिवस तो ओढ्याच्या गाळात पडून राहिला. मग छोट्या रेल्वेच्या रुळाच्या कडेकडेनं बार्शीकडं गेला. तेव्हा बार्शी मुंबई राज्यात आणि येडशी हैदराबाद राज्यात. मोगलाई बुडाली तरी पोलिसांच्या हद्दी तशाच होत्या, आणि इकडचा चोर तिकडं गेला की तिकडच्यांना त्याचं सोयरसुतक नसायचं. सूज उतरली, पण डाव्या डोळ्याची पापणी कायमची लोंबती राहिली. दाढी वाढल्यावर त्याचा तोच स्वतःला ओळखेना.

बार्शीच्या अलीकडं गफार म्हणून एका चुनेवाल्याची भट्टी होती. त्यानं काही न विचारता कोंडीरामाला कामावर ठेवलं, आणि महिन्याभरानं विचारलं तेव्हा कोंडीरामानं सगळं सांगितलं. गफार चुना घेऊन कळंबच्या बाजाराला जायचा. तिथून तो बातमी घेऊन आला. दरीत तरसांनी खाल्लेलं एक प्रेत सापडलं होतं, सरकारनं ते कोंडीरामाचं ठरवून कागद मिटवला होता. मथुराबाईनं बांगड्या फोडल्या होत्या आणि पोरीला घेऊन ती भूमला भावाकडं गेली होती.

"जा की रे भूमला," गफार म्हणाला. "बीवी हाय, लेकरू हाय. घिऊन ये हिकडं. त्या बंडप्पाचं बघंल अल्ला."

"आधी त्यानं बोलू द्या," कोंडीराम म्हणाला. "तवर म्या तिच्यासमोर कोणत्या तोंडानं जाऊ?"

"ती रांडाव म्हून बसली हाय तिकडं. तू जित्ता हायेस एवढं तर सांग."

"मेलेल्या माणसाला पोलीस हुडकत न्हायत, चाचा."

बघा, हे उत्तर हुशारीचं होतं. अशी हुशारी माणसाला कुठं नेते ते पुढं येईलच.

त्याच वर्षाच्या चंपाषष्ठीला तो कपाळभर भंडारा फासून, खांद्यावर घोंगडी टाकून शेलगव्हाणात गेला. त्या दिवशी असे वाघे, खंडोबाला वाहिलेले भक्त, गावोगावचे येतात, कोण कुणाला विचारतो? दुपारी तळी उचलायला सगळं गाव माळावर गेलं की घरंदारं मोकळी असतात. वरून येळकोटाचा गजर येत होता, आणि कोंडीराम खाली बंडप्पाच्या कडब्याच्या बणमीला, म्हणजे गंजीला, काडी लावत होता. दुसऱ्या वर्षी त्याच दिवशी, त्याच वेळेला, त्यानं भट्टीवरचा कळीचा चुना बंडप्पाच्या धान्याच्या पेवात ओतला आणि वर चार घागरी पाणी. जमिनीतलं वर्षाचं दाणं उकळून गेलं.

पहिल्या वर्षी लोक म्हणाले, विडीची ठिणगी पडली असेल. दुसऱ्या वर्षी कुणी काही म्हणालं नाही. पण बंडप्पाच्या दारावरून जाताना बाया पदर सावरून भराभर चालायला लागल्या. त्याच्या पोराला ठरलेल्या सोयरिकीचा नकार आला. गफारकडून हे ऐकताना कोंडीरामाच्या घशाखाली भाकरी गोड उतरायची. मथुरेची चौकशी त्यानं केली नाही. भूमला आहे, भावाकडं आहे, एवढं त्यानं धरून ठेवलं होतं.

छप्पन्नाला राज्यांच्या हद्दी पुसल्या आणि बार्शी-येडशीचे पोलीस एकाच साहेबाखाली आले. कोंडीराम घाबरला, दोन वर्षं गप्प बसला. अठ्ठावन्नच्या चंपाषष्ठीला मात्र राहवलं नाही. या खेपेला घोंगडीत कण्हेरीची मुळी वाटून घातलेली भाकरी होती.

बंडप्पाच्या गोठ्यात हरण्या नावाचा एकच खोंड बांधलेला होता, आणि त्याच्या शेजारी आठनऊ वर्षांची एक पोर शेण भरत होती. कोंडीराम दचकला. पोर दचकली नाही. तिनं हात धुतले आणि न मागता तांब्याभर पाणी आणून दिलं.

"घ्या, मामा. लांबून आलाव?"

"तू न्हाय गेलीस माळावर?"

"हरण्याला कोण बघंल? ह्याची आई ह्याला जलम दिऊन मेली. म्या चिंधी बुडवून बुडवून दूध पाजलं ह्याला. माझ्याबिगर कडबा बी खात न्हाय."

"कुणाची गं तू?"

"हितलीच," ती म्हणाली.

बंडप्पाची पोर, असं त्यानं धरलं. नाव विचारलं नाही. ज्याच्या घराचं वाटोळं करायचं, त्याच्या पोरांची नावं माहीत नसलेली बरी. एक क्षण त्याचा हात घोंगडीतच राहिला, हेही सांगायला पाहिजे. मग मथुरेचा तो प्रश्न आठवला, आणि तो म्हणाला, "जा, परसाद संपंल. पळत जाऊन ये. तवर म्या बसतो हरण्यापाशी."

पोर उड्या मारत गेली. कोंडीरामानं भाकरी खोंडाच्या तोंडापुढं धरली. तिच्याशिवाय खात नाही म्हणाली होती. पण खाल्ली त्यानं.

यानंतर बंडप्पा खचला. पन्नाशीच्या आतच म्हातारा दिसू लागला, बायको अंथरुणाला खिळली. दोन वर्षांनी, साठच्या कार्तिकात, गफार कळंबहून आला तो बैलगाडीतून उतरायच्या आधीच म्हणाला, "कोंडीराम, जिंकलास. ह्या चंपाषष्ठीला बंडप्पा बेलभंडारा उचलून समदं सांगणार हाय. पापाचं परायश्चित्त बी करणार म्हणत्यात."

कोंडीराम रडला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. गफारला म्हणाला, माळावरून तसाच भूमला जातो, मथुरेला घेऊनच येतो.

चंपाषष्ठीला तो गर्दीत पुढं उभा होता. बंडप्पानं बेलाचं पान आणि भंडारा तळहातावर घेतला. या वेळी हात कापत होता. तो म्हणाला, "भीमाशंकराचं खळं म्या पेटवलं. त्याचा बाप, थोरला आप्पा, आत बसला हाय हे मला ठावं नव्हतं. कोंडीरामानं काय बी केलं नव्हतं. ह्याच जागेवर म्या खोटं बोललो."

झालं. एवढ्यासाठी नऊ वर्षं. कोंडीरामाला वाटलं होतं, छाती फुगेल. तसं काही झालं नाही. भीमाशंकर खाली मान घालून उभा होता.

"देवानं मला लई भोगायला लावलं," बंडप्पा पुढं म्हणाला. "माझं घर राखावं म्हून ही पोर म्या देवाला वाहतो."

गुरवानं पिवळं लुगडं नेसवलेल्या, हळद माखलेल्या एका पोरीला पुढं आणलं. ताटात नऊ कवड्यांची माळ होती. ती गळ्यात पडली की पोरीचं लग्न खंडोबाशी लागतं, ती मुरळी होते, मग तिला ना नवरा, ना घर, जत्राजत्रांतून नाचत फिरायचं. कायद्यानं हे बंद होतं, पण कायदा माळावर चढत नव्हता. कोंडीरामानं पोर ओळखली. पाणी देणारी, हरण्याची. आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. बंडप्पाची पोर जाते तर जाऊ दे, असंच त्याच्या मनात आलं.

शेजारी गावची सुईण विठाबाई उभी होती. नजर अधू झालेली, ती कुणाला ओळखत नव्हती. ती आपल्याशीच पुटपुटली, "स्वतःची पोरगी घरात ठिवली बघा, आन कोंडीरामाची दिऊन मोकळा झाला."

कोंडीराम तिच्याकडं वळला. "कुणाची म्हनलात, मावशी?"

"कोंडीरामाची. शिवकांता. माझ्याच हातावर जलमली. भूमला भावजयीनं टिकू दिलं न्हाय, तवा मायलेकी परत आल्या. पैली बणीम जळल्यावर बंडप्पा भ्याला हुता, त्यानं ठिवून घेतलं कामाला. लोक म्हनले, केवढं मोठं मन. मथुरा तीन सालाखाली हगवणीनं गेली. ती पोर ऱ्हायली शेणघाण काढत."

बघा आता. कोंडीरामाचं नाव धुऊन स्वच्छ झालेलं होतं. तो मेलेला होता, निर्दोष होता, आणि त्याला तिथून चालत निघून जाता येत होतं. ते ऐकायला मथुरा मात्र नव्हती. समोर गुरवानं माळ उचलली होती. देव कोपला म्हणून पोर द्यायची होती, आणि देव कोपला नव्हता हे त्या सगळ्या माळावर एकट्या कोंडीरामाला माहीत होतं.

तो पुढं गेला आणि त्यानं गुरवाचं मनगट धरलं. "थांबा," तो म्हणाला. "देवानं काय बी केलेलं न्हाय. म्या केलं. म्या कोंडीराम."

पुढचे लोक भूत पाहिल्यासारखे मागं सरले. कुणी म्हणालं, वेडा वाघ्या दिसतोय. मग कोंडीरामानं एकेक सांगायला सुरुवात केली. बणीम कुठल्या बाजूनं पेटवली. पेवात किती गोण्या चुना ओतला. हरण्याला भाकरीतून काय घातलं. ते ऐकून हळदीनं माखलेली ती पोर पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडं बघायला लागली.

"ह्योच त्यो मामा," ती गुरवाला म्हणाली. "मला परसादाला धाडलं त्यो."

गुरवानं माळ ताटात ठेवली. आणि बंडप्पाच्या तोंडावर रंग परत आला. अहो, डोळ्यांदेखत आला. तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "म्हंजे देव कोपलाच नव्हता. मग मगाशी म्या बोललो ते भ्यापोटी बोललो. घरात आजार, मन ठिकाणावर न्हवतं. खळं ह्यानंच पेटवलं. ज्यानं बणीम जाळली त्यानंच खळं जाळलं."

एक माणूस नऊ वर्षांत दोनदा बेलभंडारा उचलतो, दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतो, तेव्हा तो एकदा तरी खोटं बोललेला असतो. पण माळावर तीनशे माणसं होती आणि हे एकानंही तोंडातून काढलं नाही. जत्रेच्या बंदोबस्ताला आलेल्या हवालदारानं कोंडीरामाचा हात धरला. भीमाशंकराचा तर बाप जळाला होता. त्यानं महिन्याभरात बंडप्पाशी समेट केला. बंडप्पानं भांडणातला बांध सोडून दिला आणि ते प्रकरण मिटलं.

पोर तेवढी सुटली. मथुरेच्या भावाला, म्हणजे तिच्या सख्ख्या मामाला, बोलावून तिला भूमला धाडलं.

या खेपेला खटला मराठीत चालला, त्यामुळं कोंडीरामाला प्रत्येक शब्द कळला. बणीम जाळली? कबूल. पेव नासवलं? कबूल. जनावर मारलं? कबूल. पळून गेलास? कबूल. जुनी राहिलेली शिक्षा आणि नवी, मिळून अकरा वर्षं. पहिल्या वेळी त्यानं तुरुंगात जाताना आकाशाकडं बघून देवाला जाब विचारला होता. आता विचारायला काही नव्हतं.

गफार दर ईदेला भेटायला यायचा, शीरखुर्मा आणायचा, आणि भूमला जाऊन आल्याचं सांगायचा. पोर बरी आहे. तुझं नाव काढलं की उठून जाते. चार वर्षं कोंडीराम एकच उत्तर मनात जुळवत बसला होता. आई मरत होती तेव्हा तुम्ही कुठं होता, असं ती कधीतरी येऊन विचारणार, याची त्याला खात्री होती. उत्तर लांबलचक झालं होतं. त्यात मथुरेचा तो प्रश्न होता, बेलभंडारा होता, आणि शेवटी माफी होती.

पासष्टच्या माघात ती आली. मामानं तिचं लग्न ठरवलं होतं, बापाच्या पाया पडून यायचं म्हणून तोच घेऊन आला होता. जाळीपलीकडं ती उभी राहिली. अंगानं मथुरेसारखीच. पाया पडायला जाळी आडवी होती आणि तिनं तसा प्रयत्नही केला नाही. मामा म्हणाला, बोल काहीतरी. कोंडीरामानं आपलं उत्तर मनात पुन्हा एकदा पहिल्यापासून म्हणून घेतलं.

"हरण्या मेला तवा बंडप्पांनी मला चाबकानं मारलं," ती म्हणाली. "आई नव्हती. म्या परसादाला गेले म्हून हरण्या मेला, असं मला दोन वर्सं वाटायचं. भाकरी घालायची व्हती तर घालायची. मला परसादाला कशाला धाडलं?"

मग ती मामाला म्हणाली, चला, भूमची गाडी जाईल. शिपायानं कोंडीरामाला आत नेलं.